गोल, चौकोन, चौकोन... आता पुढे काय?

जून महिन्यात शाळा उघडते आणि दोन-तीन आठवड्यांतच बालवाडीच्या वहीत एक पान हमखास येते. ओळीने आकार काढलेले असतात: गोल, चौकोन, गोल, चौकोन, आणि शेवटी एक रिकामी चौकट. खाली सूचना असते, 'पुढे काय येईल ते काढा.' मराठी गणिताच्या पुस्तकात याला आकृतिबंध म्हणतात, इंग्रजी शाळेत पॅटर्न म्हणतात आणि उर्दू शाळेत कुणी नमुना म्हणतात, कुणी तरतीब. शब्द कोणताही असो, गोष्ट एकच आहे. काहीतरी ठरलेल्या क्रमाने पुन्हा पुन्हा येते आहे, ते मुलाने ओळखायचे आणि पुढे चालवायचे.

हे पान घरी गेले की दोन प्रकारचे पालक आमच्याकडे येतात. पहिले म्हणतात, "टीचर, हा तर खेळ झाला. एक ते शंभर कधी शिकवणार?" दुसरे काळजीत असतात. त्यांच्या मुलाचे उत्तर चुकलेले असते, पानावर लाल फुली असते, आणि चार वर्षांच्या मुलाला शिकवणी लावावी का, असा त्यांचा सवाल असतो. दोघांनाही या लेखात सविस्तर उत्तर द्यायचे आम्ही ठरवले आहे. शिकवणीचे पैसे वाचतील. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मुलाच्या नावापुढे 'गणितात कच्चा' हा शिक्का इतक्या लवकर बसणार नाही.

हा खेळ का महत्त्वाचा?

मोजणी पाठ करता येते. पोपटासारखे शंभरपर्यंत म्हणणारे मूल पाच बिस्किटे मोजून द्यायला सांगितले की अडते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आकृतिबंधात पाठांतर चालत नाही. तिथे मुलाला नियम शोधावा लागतो. कुणी सांगितलेला नसताना समोरच्या वस्तूंमधून नियम ओळखणे आणि त्यावरून न दिसणाऱ्या गोष्टीचा अंदाज बांधणे, हेच तर गणित आहे.

अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या बेथनी रिटल-जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कमी उत्पन्नाच्या घरांतील ५१७ मुलांचा त्यांनी वयाच्या चौथ्या वर्षापासून अकराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. लहानपणी ज्या गोष्टींची समज पाचवीतल्या गणिताशी जोडलेली आढळली, त्यांत मोजणीबरोबर आकृतिबंधही होता. नुसते आकृतिबंध शिकवले की मूल गणितात हुशार होते, असा याचा अर्थ नाही. पण या पानाला खेळ म्हणून बाजूला सारणे बरोबर नाही, एवढे यावरून नक्की म्हणता येते.

आपल्याकडेही ही गोष्ट आता अभ्यासक्रमात स्पष्ट आली आहे. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी २०२२ साली जो राष्ट्रीय आराखडा आला, त्यात परिसरातील, आकारांतील आणि संख्यांतील सोपे आकृतिबंध ओळखून पुढे चालवणे ही अपेक्षा नोंदवलेली आहे. पण 'परिसरातील' हा शब्द वहीच्या पानात हरवून जातो. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघांबरोबर ते कोसबाडला नेले. तेव्हा पाने, फुले, खडे, शिंपले हेच त्यांचे साहित्य होते. छापील वही नव्हती म्हणून मुलांचे काही अडले नाही.

आधी हातात, मग वहीत

लहान मूल डोळ्यांआधी हाताने शिकते. त्यामुळे वहीपासून सुरुवात करू नये. घरात बाटल्यांची झाकणे असतात, ती गोल झाली. काडेपेटीच्या रिकाम्या डब्या चौकोनी झाल्या. जुन्या पुठ्ठ्याचे किंवा शिलाईतून उरलेल्या कातरणीचे त्रिकोण कापून घ्यावेत. शक्यतो सगळे एकाच रंगाचे असावेत. याचे कारण पुढे सांगतो. घरात तीन वर्षांखालचे मूल असेल तर मणी, बटणे, चिंचोके वापरू नयेत. ती तोंडात घालतात.

मग पायरी पायरीने पुढे जावे.

पहिली पायरी नक्कल. तुम्ही झाकण, डबी, झाकण, डबी अशी ओळ मांडा आणि म्हणा, "अशीच ओळ तू खाली मांड." तीन-साडेतीन वर्षांचे मूल हे हळूहळू करू लागते.

दुसरी पायरी पुढे चालवणे. ओळ तुम्ही मांडायची आणि पुढचे दोन-तीन आकार मुलाने ठेवायचे. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जो तुकडा पुन्हा येणार आहे, तो निदान दोनदा पूर्ण दिसला पाहिजे, तीनदा दिसला तर उत्तम. 'गोल, चौकोन' एवढेच एकदा मांडून 'पुढे काय?' विचारले, तर मोठ्या माणसालाही सांगता येणार नाही. पुढे गोल येईल, त्रिकोण येईल, काहीही येईल. ओळ तुकड्याच्या शेवटी थांबवावी, मधेच नाही.

तिसरी पायरी हरवलेले शोधणे. ओळीतला मधला एक आकार हळूच उचलून घ्या. मुलाने डोळे उघडायचे आणि काय गेले ते सांगायचे. मुलांना हा खेळ इतका आवडतो की शेवटी तीच आपल्याला डोळे मिटायला लावतात.

चौथी पायरी तोच नियम दुसऱ्या वस्तूंनी करणे. तुम्ही झाकण, डबी, डबी मांडले. मुलाने हाच नियम चमचा आणि वाटी घेऊन मांडायचा: चमचा, वाटी, वाटी. किंवा अंगाने करायचा: एक टाळी, मांडीवर दोन थापा. वस्तू बदलली तरी नियम तोच राहतो, हे ज्या दिवशी मुलाला कळते, तो दिवस मोठा समजावा. पुढे बीजगणितात अक्षराच्या जागी संख्या येतात, त्याचे बी इथे पडते.

पाचवी आणि सर्वांत अवघड पायरी म्हणजे पुन्हा येणारा तुकडा वेगळा दाखवणे. "या लांब ओळीतला कोणता छोटा भाग पुन्हा पुन्हा आला?" असे विचारून मुलाला त्याभोवती एक बांगडी ठेवायला किंवा दोऱ्याचे कुंपण घालायला सांगा. पुष्कळ मुले ओळ बरोबर पुढे चालवतात, पण हा तुकडा दाखवू शकत नाहीत. पाच-सहा वर्षांपर्यंत वाट पाहायला हरकत नाही.

उत्तर चुकते तेव्हा मूल काय विचार करत असते?

लाल फुली मारण्याआधी मुलाच्या उत्तरामागे पाहावे. आमच्या वर्गात पुन्हा पुन्हा दिसणारे चार प्रकार सांगतो.

पहिला प्रकार: ओळ गोल, चौकोन, चौकोन अशी असते आणि मूल पुढे गोल, चौकोन, गोल, चौकोन मांडते. त्याला आलटून-पालटून येणारा क्रम सोपा वाटतो, म्हणून ते त्यावर घसरते. इथे समजावून सांगण्यापेक्षा आवाज कामाला येतो. दोघांनी मिळून ताल धरावा: गोल... चौकोन-चौकोन, गोल... चौकोन-चौकोन. दोन तुकड्यांमध्ये बोटभर जागा सोडावी. तालात बोलले की जीभच मुलाला सांगते की अजून एक चौकोन बाकी आहे.

दुसरा प्रकार: ओळ तुकड्याच्या मधेच संपलेली असते आणि मूल पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. त्याला क्रम कळलेला असतो, पण तो कुठे थांबला होता हे धरून ठेवता आलेले नसते. म्हणूनच सुरुवातीला ओळ पूर्ण तुकड्यावर थांबवावी, असे आम्ही वर म्हटले.

तिसरा प्रकार: आकार विचारलेला असतो आणि मूल रंगाचा क्रम चालवते. लाल गोल, निळा चौकोन, लाल गोल यानंतर ते निळा गोल ठेवते. त्याच्या हिशेबात ते बरोबर आहे. रंग डोळ्यांत आधी भरतो. म्हणून आकार शिकवताना सगळे तुकडे एका रंगाचे घ्यावेत. रंगाचा खेळ वेगळा खेळावा आणि दोन्ही एकत्र नंतर आणावेत.

चौथा प्रकार त्रिकोणाचा. पुस्तकात त्रिकोण नेहमी बूड खाली आणि टोक वर असा बसलेला असतो. तो उलटा केला की मूल म्हणते, हा त्रिकोण नाही. अशा वेळी समोसा हातात घेऊन फिरवून दाखवावा. कसाही धरला तरी समोसा तो समोसाच, आणि त्याची टोकेही तीनच.

उजवीकडून की डावीकडून?

आता आपल्या घरांतल्या मुलांची एक खास गोष्ट. मराठी पुस्तकांत ती लिहिलेली सापडत नाही, म्हणून थोडे थांबून सांगतो.

आपली बरीच मुले सकाळी मराठी किंवा इंग्रजी शाळेत डावीकडून उजवीकडे वाचतात आणि संध्याकाळी कायदा घेऊन उजवीकडून डावीकडे. उर्दू माध्यमात तर उलट गंमत आहे. शब्द उजवीकडून आणि बेरीज-वजाबाकीचे अंक डावीकडून. मोठ्या माणसाला याची सवय झालेली असते. चार-पाच वर्षांच्या मुलाला ओळ कुठून सुरू होते हेच कुणी सांगितलेले नसते.

एक प्रयोग करून पाहा. डावीकडून गोल, चौकोन, चौकोन, गोल, चौकोन, चौकोन अशी ओळ मांडा. डावीकडून वाचले तर पुढे गोल येतो. तीच ओळ उजवीकडून वाचा: चौकोन, चौकोन, गोल, चौकोन, चौकोन, गोल. आता पुढे चौकोन येतो. ओळ एक, पण वाचण्याच्या दिशेप्रमाणे उत्तरे दोन, आणि दोन्ही बरोबर. उजवीकडून विचार करणाऱ्या मुलाला 'चौकोन' हे उत्तर सापडते, पण पानावर रिकामी चौकट एकच असते आणि तीही उजव्या टोकाला. मूल त्यात चौकोन काढते आणि फुली मिळवते. अशा मुलाने नियम ओळखलेला आहे. त्याला फक्त ओळीचे दार कोणत्या बाजूला आहे ते माहीत नाही.

उपाय सोपा आहे. ओळीच्या सुरुवातीला एक खूण करावी, टिकली चिकटवावी किंवा बाण काढावा आणि मुलाचे बोट धरून तिथून पुढे न्यावे. "मराठीच्या वहीत आपण इथून चालतो, कायद्यात तिथून चालतो," एवढे सांगितले तरी पुरते. कोणती दिशा सरळ आणि कोणती उलटी, असे मात्र म्हणू नये. दोन्ही आपल्याच आहेत. घरी खेळताना मुलाच्या समोर न बसता शेजारी बसावे. समोर बसलात तर तुमचे डावे ते त्याचे उजवे होते आणि गोंधळ दुप्पट होतो.

उत्तर चुकले असे वाटले, तर शिक्षकांनी आणि पालकांनी एकच प्रश्न विचारावा: "तू कसे ओळखलेस?" मूल बोटाने दाखवू लागले की अर्धे गैरसमज तिथेच मिटतात. छत्रपती संभाजीनगर असो, परभणी असो की भिवंडी, दोन लिप्यांत वाढणाऱ्या मुलाला हा प्रश्न विचारायलाच हवा.

आपल्या शहराची वही

आमच्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या मुलांना आकृतिबंधाची छापील वही विकत घ्यायची गरज नाही. हे शहरच एक वही आहे.

बीबी का मकबरा आपण पाहुण्यांना दाखवायला नेतो, फोटो काढतो आणि परत येतो. पुढच्या वेळी मुलांना आधी बाहेरच्या तटाच्या भिंतीजवळ उभे करा. भिंतीत टोकदार कमानींचे कोनाडे ओळीने आहेत, दोन कोनाड्यांच्या मधे खांब आहे, खांबाच्या माथ्यावर छोटा मिनार आहे आणि ठराविक अंतरावर बुरूज येतो. मुलाला म्हणा, भिंतीच्या कडेने चालत जा आणि मोठ्याने बोल: कमान, खांब, कमान, खांब. मधे बुरूज आला की थांबायचे आणि पुढचा बुरूज किती कमानींनंतर येतो ते मोजायचे. वहीतली ओळ बोटभर असते, ही ओळ शेकडो पावलांची आहे. आत गेल्यावर कबरीभोवतीची संगमरवरी अष्टकोनी जाळी दाखवा. जाळीतला एकच आकार निवडून तो किती वेळा आला ते शोधायला लावा.

दिलरस बानो बेगम यांचे निधन १६५७ साली झाले आणि त्यांचे पुत्र आजमशाह यांच्या नावाने हा मकबरा ओळखला जातो. मुख्य दरवाजावरच्या लेखात दोन नावे आहेत: वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय. ही दोन नावे मुलांना जरूर सांगावीत. इतकी मोठी भिंत उभी करायची म्हणजे एक तुकडा नीट ठरवायचा आणि तो न चुकता पुन्हा पुन्हा बांधत जायचा. आकृतिबंध चुकला असता तर भिंतीच्या शेवटी अर्धी कमान उरली असती.

दुसरी वही हिमरूची. सुती ताण्यावर रेशमाने नक्षी उठवणारे हे कापड या शहराची ओळख आहे. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा विणकर इकडे आले अशी परंपरेने चालत आलेली समजूत आहे. जुन्या मागावर नक्षी उठवायला दोऱ्यांचा जाला बांधलेला असे. विणकर संपूर्ण थानाची नक्षी बांधत नसे. तो एकच तुकडा बांधे, एक फूल आणि त्याची पाने, आणि त्याच दोऱ्या त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा ओढल्या की गजामागून गज फुले उमटत जात. पाचव्या पायरीवर आपण मुलाला बांगडीच्या कुंपणात जो तुकडा दाखवायला सांगतो, तोच तुकडा विणकराच्या जाल्यात असतो. पैठणीच्या नारळी काठावरही हेच पाहायला मिळते.

मकबऱ्यापर्यंत जाणे जमत नसेल तर दारातून बाहेर पडा. रस्त्याच्या दुभाजकावरचे काळे-पिवळे पट्टे, फुटपाथचे ठोकळे, खिडकीची लोखंडी जाळी, मशिदीच्या फरशीवर ओळीने आखलेल्या नमाजाच्या जागा, शहागंजच्या दुकानात टांगलेल्या लेसच्या पट्ट्या. रोज शाळेच्या वाटेवर एक नवीन ओळ शोधायची, एवढा नियम केला तरी पुरे.

'मी शिकलेली नाही' असे म्हणणाऱ्या मातांसाठी

पालकसभेत मागच्या रांगेत बसणाऱ्या बऱ्याच माता आमच्याशी बोलताना पहिले वाक्य हेच म्हणतात. "आम्हाला काय येतं टीचर, त्याच्या अब्बूंना विचारा." या मातांना थोडे हक्काने सांगायचे आहे.

तुम्ही चाँदरातीला मेहंदीची बेल काढता. एक पान, दोन ठिपके, एक पान, दोन ठिपके, आणि मनगटापाशी आल्यावर बेल मधेच तुटू नये म्हणून आधीच अंदाज घेता. गोधडीचे तुकडे जोडता तेव्हा कोणता कुठे येईल हे कापायच्या आधी तुमच्या डोक्यात असते. क्रोशाचा रुमाल विणताना किती टाक्यांनंतर खांब घ्यायचा, ते तुम्ही गप्पा मारता मारता मोजता. जे पान पाहून तुम्हाला भीती वाटते, ते पान तुमचे हात वर्षानुवर्षे सोडवत आले आहेत. मुलाला शेजारी बसवा आणि जे हात करतात ते तोंडाने बोला. "आता पान काढलं, आता दोन ठिपके. पुढे काय काढू, सांग बरं?" शिकवणीत याहून वेगळे काही शिकवत नाहीत.

दादी आणि नानीही यात मागे नाहीत. दादीच्या शेजारी उभे राहून नमाजाची नक्कल करणाऱ्या तीन वर्षांच्या नातीला रुकूनंतर सजदा येतो आणि सजदा दोन वेळा येतो, हे कुणी शिकवलेले नसते. पाहून पाहून तिने क्रम पकडलेला असतो. मुलाची ही ताकद आधीपासून असते, आपण फक्त तिला शब्द द्यायचे.

रमजानमध्ये इफ्तारची ताटे लावण्याचे काम मुलांना द्यावे. समोसा, खजूर, खजूर, समोसा, खजूर, खजूर अशी ओळ त्यांनी मांडावी. दस्तरखानावर पेला आणि वाटी आलटून-पालटून ठेवावी. मेहनत त्यांची, कौतुक सगळ्या घराचे.

मोठ्या भावंडांसाठी थोडे पुढचे

घरात पहिली-दुसरीचे मूल असेल तर त्याच ओळीतून पाढे निघतात. गोल, गोल, चौकोन ही ओळ लांब मांडा आणि प्रत्येक आकाराखाली १, २, ३ असे अंक लिहा. चौकोन कुठे कुठे आला? ३, ६, ९, १२. म्हणजे तीनचा पाढा. आता विचारा, ओळ न मांडता सांग, विसावा आकार कोणता? अठरावा चौकोन, मग एकोणिसावा गोल आणि विसावाही गोल. भागाकार आणि बाकी हे शब्द न उच्चारता मुलाने दोन्ही केले.

आठवड्याचे वारही असेच फिरतात. आज जुमा असेल तर दहा दिवसांनी कोणता वार? सात दिवसांनी पुन्हा जुमा, मग तीन दिवस पुढे, म्हणजे सोमवार. बाराखडीही याच घरातली आहे. क का कि की हा क्रम कळला की ख खा खि खी मुलाला पाठ करावे लागत नाही. चौथ्या पायरीसारखा नियम तोच राहतो आणि अक्षर बदलते.

काय करू नये

दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ बसवू नये. मूल उठले की खेळ संपला. शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. उत्तर पटकन सांगू नये, मनात दहापर्यंत मोजावे आणि थांबावे. मुलाने वेगळे उत्तर दिले तर त्याचा नियम ऐकून घ्यावा. कधी कधी तो आपल्यापेक्षा सुंदर असतो. आणि शाळेच्या प्रवेशाच्या वेळी विचारतात म्हणून उत्तरे घोकून घेऊ नयेत. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेण्याला शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १३ ने मनाई केलेली आहे, हे पालकांनी ठाऊक ठेवावे.

पाच वर्षे पूर्ण झाल्यावरही, बरेच दिवस खेळूनही, मुलाला दोन वस्तूंची आलटून-पालटून ओळ मांडता येत नसेल, तर आधी त्याची नजर आणि ऐकणे तपासून घ्यावे आणि मग शिक्षकांशी बोलावे. घाबरून जाऊ नये आणि लपवूही नये.

या महिन्याचा गृहपाठ, पालकांसाठी

शनिवारी झाकणे आणि डब्या गोळा करा. रविवारी दोन आकारांची आलटून-पालटून ओळ मांडा आणि नक्कल करायला सांगा. सोमवार-मंगळवारी तीच ओळ पुढे चालवायला द्या. बुधवारी एक आकार लपवा. गुरुवारी तोच नियम टाळ्या आणि थापांनी करा. जुम्याच्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी मिळून मुलाने मांडलेली ओळ पुढे चालवायची, आणि या वेळी फुली की बरोबरची खूण, ते मूल ठरवेल. दुसऱ्या आठवड्यात गोल, चौकोन, चौकोन घ्या. तिसऱ्यात त्रिकोण आणा. चौथ्यात वही उघडा. तोवर ते पान मुलाला ओळखीचे वाटू लागलेले असेल, इन्शाअल्लाह.